ई-२४ म्हणजे काय रे भाऊ?

डिशवॉशर हा घरातला सगळ्यात बोलका मेंबर. फ्रिज बिघडला तर गुपचूप गरम होतो. मिक्सर जळका वास सोडतो आणि कायमचा गप्प होतो. डिशवॉशर मात्र रुसला की का रुसला ते पडद्यावर लिहून दाखवतो. वांधा एवढाच की लिहितो सांकेतिक भाषेत! रविवारची दुपार, बारा जणांची जेवणं आटोपलेली, सुरमईची ताटं आत रचलेली, बाहेर धो धो पाऊस... आणि पडद्यावर ई-२४. पाहुणे हॉलमध्ये डाराडूर आणि तुम्ही मॅन्युअल हातात घेऊन उकिडवे बसलेले. आता बोला!

गेल्या काही वर्षांत मला असे फोन येण्याचं प्रमाण जाम वाढलंय, आणि त्यातले निम्मे तरी अलिबागच्या बाजूने येतात. कारण उघड आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये भांडीवाल्या मावशी येईनाशा झाल्या आणि ज्यांनी आयुष्यात डिशवॉशरकडे ढुंकून बघितलं नव्हतं त्यांनी नंबर लावून तो घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला. लॅपटॉप काखोटीला मारून किहीम, आक्षी, नागाव, रेवदंड्याला जाऊन राहणारं पब्लिक वाढलं आणि त्यांच्यामागोमाग डिशवॉशरही समुद्र ओलांडून गेले. आता गंमत बघा. मशीन बनलेली असते शहरातल्या पाइपलाइनसाठी, म्हणजे ठरावीक प्रेशरचं पाणी आत आणि गटारात पाणी बाहेर. वाडीतलं घर चालतं विहिरीवर आणि शोषखड्ड्यावर. ठिणगी पडते ती इथे.

तेव्हा पहिला फंडा क्लिअर करून घेऊ. कोड म्हणजे आजाराचं नाव नव्हे, ते लक्षण आहे. आपण डॉक्टरकडे जाऊन ‘ताप आलाय’ म्हणतो, तेवढंच. मशीनला इतकंच कळतं की पाणी बाहेर ढकलायचा हुकूम सोडला आणि ठरलेल्या वेळात पातळी उतरली नाही. पंपात माशाचा काटा अडकला म्हणून उतरली नाही, पाइप फ्रिजखाली चेमटला म्हणून, की अंगणातला चेंबर तुंबला म्हणून, हे बिचाऱ्याला कुठून कळणार? त्याची नजर त्याच्या पत्र्याच्या डब्याबाहेर जात नाही. पुढचं डिटेक्टिव्ह काम आपलं.

बॉश आणि सीमेन्सच्या बऱ्याच मॉडेल्सवर ई-२४ म्हणजे पाणी बाहेर जात नाही आणि ई-२५ म्हणजे पाणी काढणारा पंप अडलाय किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नाही. एलजीवर हीच तक्रार ओई अशी येते. सॅमसंगवर ५सी, जुन्या मॉडेलवर ५ई. (तो पाच इंग्रजी एससारखा दिसतो आणि लोक मॅन्युअलमध्ये भलतंच पान शोधत बसतात.) पाणी आतच येत नसेल तर एलजी आयई दाखवतो, सॅमसंग ४सी, बॉशवर बहुधा नळाचं चित्र पेटतं. नव्या मॉडेल्सवर आकडे बदललेत, म्हणून मॅन्युअलच्या शेवटच्या पानांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मॅन्युअल लागतं तेव्हा ते कधीही सापडत नाही, हा सृष्टीचा नियम आहे.

पाणी बाहेर जात नाही म्हणाला की मेकॅनिकला फोन लावायच्या आधी प्लग काढा. बटन बंद करणं वेगळं आणि प्लग काढणं वेगळं, प्लगच काढा. खालची जाळी बाहेर घ्या, तळाशी फिरवून निघणारा फिल्टर असतो तो काढा आणि नळाखाली जुन्या टूथब्रशने घासा. शहरात इथे भाताची शितं आणि कढीपत्त्याच्या काड्या सापडतात. किनाऱ्यावरच्या घरात काय काय निघतं, विचारू नका! माशाचे खवले, काटे, कोलंबीच्या मिशा, आमसुलाची सालं, खोबऱ्याचा कीस. खवला हा तर नंबर एकचा व्हिलन. पातळ, पारदर्शक, ओला असला की जाळीला असा चिकटतो की फिल्टर स्वच्छ दिसतो आणि पाणी मात्र जात नाही. फिल्टर उजेडाकडे धरून बघा, म्हणजे दिसेल.

फिल्टरच्या खालच्या खड्ड्यातलं पाणी स्पंजने टिपून घेतलं की पंपाचं छोटं झाकण दिसतं. काही मशिन्समध्ये ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं, काहींमध्ये स्क्रू असतो. आत बोट घालण्यापूर्वी टॉर्च मारा, कारण फुटलेल्या ग्लासची काच नेमकी इथेच येऊन बसते. आतलं पंख्यासारखं चाक बोटाने फिरवा. ते अडखळत, झटके देत फिरतं. घाबरू नका, आत लोहचुंबक असतो म्हणून. अजिबातच फिरत नसेल तर काहीतरी अडकलंय. बहुतेक वेळा काटा, कधी लिंबाची बी, एकदा तर नाकातली चमकी. झाकण परत बसवताना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा, नाहीतर ई-२४ जाऊन ई-२५ येईल.

गळतीच्या कोडबद्दल थोडक्यात. बॉशचा ई-१५, एलजीचा एई, सॅमसंगचा एलसी. मशीनच्या पोटाखाली एक ट्रे असतो, त्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा. ट्रेमध्ये पाणी साचलं की तुकडा वर उचलला जातो आणि मशीन बाकी सगळं सोडून पाणी उपसत बसते. पावडर संपली म्हणून कुणीतरी भांड्यांचं लिक्विड सोप ओततं, तेव्हा हे हमखास होतं. फेस दारातून, सीलमधून वाट काढत खाली उतरतो. मशीन तिरकी करून ट्रे रिकामा करायचा एक जुगाड लोक सांगतात. त्याने कोड जातो, गळती जात नाही. इथे मेकॅनिक बोलवा, पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

आता पाणी आत येण्याची तक्रार. बहुतेक मॅन्युअलमध्ये किमान दाब अर्धा बार किंवा त्याच्या आसपास दिलेला असतो. साध्या भाषेत, पाण्याची टाकी मशीनपेक्षा निदान सोळा फूट उंच हवी. कौलारू किंवा एकमजली घरावर ती दहा-बारा फुटांवर असते. म्हणजे फिजिक्सच्या पहिल्याच पेपरात आपण नापास! वर विहिरीची बारीक रेती आणि शेवाळ येऊन पाइपच्या तोंडाशी असलेली बोटभर जाळी अर्धी बुजलेली. खात्री करायची तर मशीनचा पाइप नळापासून सोडवा, खाली दहा लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. मिनिटभरात भरली तर ठीक. दोन मिनिटं लागली तर जाळी साफ करा. तरीही तेच असेल तर टाकी उचला किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. मशीनमध्ये दोष नाही.

एक केस मात्र अशी आहे की भले भले चकतात. कोड येतो ‘पाणी कमी’चा आणि भानगड असते बाहेर जाणाऱ्या पाइपात. जुन्या कोकणी घरात स्वयंपाकघराला मोरी असते आणि मोरीचं भोक जमिनीलगत. प्लंबर मशीनचा ड्रेन पाइप सरळ त्या भोकात सोडतो. झालं, सायफन तयार! मशीन वरून पाणी घेते, ते खालून आपोआप वाहून जातं, मशीन पुन्हा घेते, पुन्हा वाहून जातं, शेवटी कंटाळून ‘पाणी येत नाही’ म्हणून हात वर करते. तिकडे तुम्ही प्रेशर पंपाचे भाव विचारत फिरताय. ड्रेन पाइपचं तोंड जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर हवं. पाइप आधी ओट्याच्या खालच्या बाजूला लागेल एवढा वर न्यायचा, तिथे क्लिपने अडकवायचा आणि मग खाली सोडायचा. दहा रुपयांची क्लिप, बॉस!

कोड न दाखवता होणारा त्रास म्हणजे पांढरे डाग. शिकागोत १८९३ साली विवेकानंदांचं भाषण गाजलं, त्याच वर्षी तिथल्या जागतिक प्रदर्शनात जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईंचं भांडी धुण्याचं यंत्र मांडलं होतं. पेटंट त्यांना १८८६मध्येच मिळालेलं. हॉटेलांनी ते यंत्र घेतलं, घरांनी फारसं नाही, कारण घरी एवढं गरम पाणी नसायचं आणि जड पाण्यात साबण नीट विरघळायचा नाही. म्हणजे आपली तक्रार सव्वाशे वर्षं जुनी आहे. किनाऱ्यावरच्या वाडीतली वाळू म्हणजे बरीचशी शंखशिंपल्यांची भुकटी. तिच्यातून मुरलेलं पाणी कॅल्शियम बरोबर घेऊनच विहिरीत येतं. घरातल्या आईला किंवा आजीला विचारा, ‘या पाण्यात डाळ शिजते का?’ नाही म्हणाल्या की पाणी जड. लॅबची गरज नंतर.

त्यावर उपाय म्हणून मशीनमध्ये मिठाचा कप्पा असतो. ते मीठ भांड्यांना लागत नाही. आत रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम पकडून ठेवतात आणि मीठ त्या मण्यांना पुन्हा ताजंतवानं करतं. इथे अलिबागकरांना एक मोह होतो. पेण-उरणकडची मिठागरं हाकेच्या अंतरावर, मग पाकिटातलं महागडं मीठ कशाला? कारण मिठागराच्या खडेमिठात माती असते आणि मॅग्नेशियम, कॅल्शियमही असतं. म्हणजे ज्याला हाकलायचं त्यालाच आपण घरात घेतो. लोणच्याला ते मीठ बेस्ट, डिशवॉशरला नाही. आयोडीनचं टेबल मीठही नको.

मशीनवर पाण्याच्या जडपणाचं सेटिंग असतं आणि ते कुणी बदलत नाही. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये आकडा लिटरला मिलिग्रॅममध्ये येतो, मॅन्युअलमध्ये जर्मन अंश. रिपोर्टच्या आकड्याला १८ने भागा. ३६० आला असेल तर साधारण २० अंश. एवढं गणित जमवा, निम्मे डाग जातील. मात्र उन्हाळ्यात विहीर मचूळ होत असेल तर त्यावर मशीनकडे औषध नाही. किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. रहाट होते तेव्हा पाणी बेताबेताने उपसलं जायचं. मोटर घरघर करत तासभर चालली की खालचं खारं वर येऊ लागतं. रेझिन कॅल्शियम काढतं, खारटपणा काढत नाही. असं पाणी स्टीललाही खड्डे पाडतं. एप्रिल-मेमध्ये पाणी चाखून बघा. जिभेला खारट लागलं तर त्या दिवसांत भांडी हातानेच घासलेली बरी. खारेपाटात तर उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच मारामार असते, तिथे हा प्रश्न विचारणंही बरं दिसत नाही.

वीकएंड घरवाल्यांसाठी एक. निघताना मशीन रिकामी चालवा, फिल्टर धुऊन ठेवा, नळ बंद, प्लग बाहेर आणि दार बोटभर उघडं. दोन महिन्यांनी आलात की सुरू करायच्या आधी तळात लोटाभर कोमट पाणी ओता. वाळलेलं सील आणि आखडलेला पंप त्याने सुटतात. मागचा पाइप उंदरांनी कुरतडलाय का तेही बघा.

एवढं सगळं करूनही ई-२४ जात नसेल तर? मग नागावची गोष्ट ऐका. माझ्या एका मित्राचं आणि त्याच्या बायकोचं तिथे घर आहे, नारळी-सुपारीची छोटीशी वाडी आहे. दोघंही आयटीत, आठवड्यातले चार दिवस तिथूनच काम करतात. गेल्या जुलैमध्ये त्यांच्या मशीनवर ई-२४ आला. पनवेलहून मेकॅनिक आला, पंप बदलून गेला. चार दिवसांनी पुन्हा ई-२४. तो पुन्हा आला, पाइप बदलून गेला. दोन्ही वेळची व्हिजिट फी वेगळी. तिसऱ्यांदा पीसीबी बदलावा लागेल म्हणाला आणि मित्राने मला फोन केला. मी म्हटलं, थांब, पीसीबीला हात लावू देऊ नकोस, शनिवारी येतो.

बादली-टेस्ट ही जगातली सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे. ड्रेन पाइप भिंतीतल्या पाइपातून बाहेर काढायचा, ओट्याच्या उंचीला एका बादलीत धरायचा आणि मशीन रीसेट करायची. बहुतेक मशीन रीसेट केल्या की आधी पाणी काढतात. बादलीत पाणी रडत रडत आलं तर दोष मशीनमध्ये. धाडकन आलं तर मशीन निर्दोष, पुढच्या पाइपची चौकशी करा. नागावला ते इतकं धाडकन आलं की माझी पँट भिजली.

‘पण सिंकचं पाणी तर जातंय की!’ मित्र म्हणाला. जातंय, कारण सिंकमधून पाणी निवांत जातं. मशीन तीन-चार लिटर पाणी एका दमात ढकलते. अर्धवट तुंबलेला पाइप ती धार गिळू शकत नाही. वाडी राखणाऱ्या काकांनी पहार आणून अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं. काठोकाठ भरलेला. पुढचा शोषखड्डाही तसाच. काका म्हणाले, ‘जुलैत सगळ्यांचेच भरतात हो. पाणी मुरणार कुठे, जमीनच भरली.’ आणि खरंच आहे. या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाडीतल्या विहिरी अशा भरतात की वाकून तांब्याने पाणी घ्यावं. खड्डा पाच-सहा फूट खोल आणि जमिनीतलं पाणी दोन फुटांवर. मग तो शोषणार काय? उलट बाहेरचं पाणीच त्याच्यात शिरतं.

मित्राला शॉर्टकट सुचला. ड्रेन पाइप लांब करून सरळ वाडीत सोडायचा. जुन्या घरांत मोरीचं पाणी अळवाला, केळीला जायचंच की! काकांनी मान हलवली. ‘सुपारी पिवळी पडेल.’ काका बरोबर होते. आपल्या आज्या राखेने नाहीतर मातीने भांडी घासायच्या. डिशवॉशरच्या पाण्यात सोडा असतो आणि मिठाच्या कप्प्यातलं खारं पाणी. नारळ ते एकवेळ सोसेल, सुपारी आणि केळ नाही सोसणार.

हे सगळं चालू असताना कुंपणापलीकडच्या आजी छत्री घेऊन बघायला आल्या होत्या. शेजारची वाडी त्यांची. त्या मित्राच्या बायकोला म्हणाल्या, ‘पोरी, हा तुमचा खड्डा भरलाय, तो माझ्या विहिरीत तर येत नाही ना गो?’

सगळे गप्प. कारण त्यांची विहीर कुंपणाला लागून होती. टेप आणून मोजलं. खड्ड्यापासून विहिरीपर्यंत अठ्ठावीस फूट. असं अंतर निदान पन्नास फूट असावं, वाळूच्या जमिनीत त्याहून जास्त, कारण वाळू पाणी गाळण्यापेक्षा पुढे पाठवण्यातच पटाईत. आणि त्यावर कडी म्हणजे काकांनी सांगितलं की त्या एकाच खड्ड्यात स्वयंपाकघराबरोबर संडासाच्या सेप्टिक टँकचंही पाणी सोडलंय. घर बांधून देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने एक खड्डा वाचवला होता. सेप्टिक टँकचा गाळ तर घर झाल्यापासून कुणी काढलाच नव्हता.

म्हणजे त्या घरात एकच यंत्र असं होतं की जे तोंड उघडू शकत होतं आणि ते तीन आठवडे ई-२४, ई-२४ म्हणून ओरडत होतं. आपण त्याचा पंप बदलत बसलो.

अलिबागला पाणी तपासणीची सरकारी प्रयोगशाळा आहे. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली तिथूनच निर्जंतुक केलेली आणायची असते, कोकची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायचा. मित्राची बायको दोन्ही विहिरींचे नमुने घेऊन स्वतः गेली. मित्र म्हणत होता, आपल्या विहिरीचाच करू, शेजारच्यांचा केला आणि काही निघालं तर उगाच लफडं. ती म्हणाली, निघालं तर ते आजींना कळायला नको का? या मुद्द्यावर त्यांचं दोन दिवस वाजलं, असं मला नंतर कळलं. मी कोणाच्या बाजूने होतो हे सांगायला नको.

रिपोर्टमध्ये जडपणा दोन्हीकडे तीनशेच्या घरात, तो अपेक्षितच होता. मित्राची विहीर वरच्या अंगाला, ती ठीक निघाली. आजींच्या विहिरीत कोलिफॉर्म जंतू सापडले. हे जंतू बऱ्याचदा मैल्यातून येतात. आजींच्या नातवाला दर पावसाळ्यात जुलाब व्हायचे. ते यामुळेच, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. गावात उघडी गटारंही आहेत, गोठेही आहेत. पण आजींनी रिपोर्ट ऐकला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे पिण्याचं पाणी पंचायतीच्या नळावरून भरायला लावलं, तेही उकळून. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने येऊन विहिरीत टीसीएल पावडर टाकली. मित्राच्या बायकोने त्यांच्या घरी जाऊन सगळं सरळ सांगितलं. आजी रागावल्या का? रागावल्या. पंधरा दिवस बोलल्या नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

पाऊस ओसरल्यावर काम निघालं. आधी सेप्टिक टँक उपसून घेतला. त्याच्यासाठी नवी जागा रस्त्याच्या बाजूला, वाडीतल्या सगळ्यात उंच कोपऱ्यात, आजींच्या विहिरीपासून सत्तर फुटांवर. खोल खड्डा न खणता दोन फूट खोल आणि लांबलचक चर काढला, त्यात खडी भरली. जमिनीतलं पाणी वर आलं तरी उथळ चर त्याच्या वरच राहतो, हा त्यामागचा हिशोब. स्वयंपाकघराचं पाणी पूर्ण वेगळं केलं. त्याला आधी तेल-तूप आणि खरकटं अडवणारा एक छोटा चेंबर, तिथून दुसरा उथळ चर, आणि त्यावर कर्दळ. कर्दळीला असल्या पाण्याचं फारसं वावडं नाही, शिवाय फुलते झक्कास. गवंडी म्हणाला, एवढा खर्च भांडी घासायच्या मशीनसाठी? मित्र काहीच बोलला नाही.

बिल दोन पंपांपेक्षा पुष्कळ जास्त झालं, पण फार ताणलं नाही. यातली निम्मी कामं कोणत्याही वाडीतल्या घराला करावीच लागतात, डिशवॉशर असो वा नसो. नवीन घर बांधताय किंवा विकत घेताय तर ब्रोकरला सी-व्ह्यू नंतर विचारा. आधी विचारा की शोषखड्डा कुठे आहे, शेजारची विहीर किती फुटांवर आहे आणि जुलैत पाणी कुठपर्यंत येतं. तिसरा प्रश्न ब्रोकरला नाही, शेजाऱ्याला विचारा.

यंदाच्या जुलैत मित्राकडे मशीन दिवसाआड चालते. जमीन भरलेली असताना चरावर फार लोड नको, म्हणून मधल्या दिवशी दोघं मिळून भांडी घासतात. कढया आणि तवे तर तसेही मशीनमध्ये कधी जात नव्हते. ई-२४ एकदाच आला. फिल्टरमध्ये पापलेटचा खवला होता. आजी आता बोलायला लागल्यात, कर्दळीचे कंद मागून नेले त्यांनी. विहिरीचं पाणी त्या अजून वाडीलाच वापरतात, प्यायला नाही. दिवाळीनंतर पुन्हा नमुना द्यायचा आहे. निर्जंतुक बाटली त्यांच्या फडताळात आत्ताच येऊन बसलीय.